विश्वाचा नाद आणि औंढ्याची शांतता

१४ सप्टेंबर २०१५. भारतात दुपारचे तीन वाजून वीस मिनिटे झाली होती. मराठवाडा त्या वर्षी दुष्काळाच्या झळा सोसत होता आणि हिंगोलीच्या काळ्या रानातला शेतकरी आभाळाकडे डोळे लावून बसला होता. त्याच क्षणी त्या आभाळाच्याही कितीतरी पलीकडून आलेली एक लहर पृथ्वीवरून निघून गेली. ती शेतांतून गेली, नागनाथाच्या मंदिराच्या शिळांतून गेली, माणसांच्या देहांतून गेली. कोणालाही तिचा स्पर्श जाणवला नाही. ती निघाली तेव्हा पृथ्वीवर सूक्ष्म जीवांचेच राज्य होते. अमेरिकेतील लिव्हिंग्स्टन आणि हॅन्फर्ड या परस्परांपासून तीन हजार किलोमीटर दूर असलेल्या दोन वेधशाळांनी मात्र तिला नेमके पकडले, पहिलीने आधी आणि दुसरीने सुमारे सात सहस्रांश सेकंदांनी नंतर. सारा प्रकार एक पंचमांश सेकंदात आटोपला.

१३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरे एकमेकांभोवती गरगरत अखेर एकरूप झाली होती. एक सूर्याच्या ३६ पट वस्तुमानाचे, दुसरे २९ पट. बेरीज ६५ व्हावयास हवी. उरले ते ६२. जे तीन सूर्यांइतके द्रव्य हरवले ते ऊर्जेच्या रूपाने अवकाशातच तरंग उठवून गेले. अशा तरंगांचे भाकीत आइन्स्टाइनने १९१६ साली केले होते. पुढे खुद्द त्यालाच त्यांच्याविषयी शंका वाटू लागली होती आणि ते कधी मोजता येतील यावर तर त्याचा विश्वासच नव्हता. ११ फेब्रुवारी २०१६ रोजी शोधाची घोषणा झाली, तेव्हा त्या भाकिताला शंभर वर्षे होत होती. रेनर वाइस, किप थॉर्न आणि बॅरी बॅरिश या तिघांना २०१७ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले.

मनुष्यजातीने आजवर विश्व पाहिले ते प्रकाशाच्या साहाय्याने. दुर्बीण आली, रेडिओ दुर्बिणी आल्या, क्ष-किरण टिपणारे उपग्रह आले. परंतु हे सारे प्रकाशाचेच निरनिराळे अवतार. गुरुत्वीय लहरी ही निराळीच गोष्ट आहे. इतके दिवस विश्वाला डोळे होते, आता कान आले, असे शास्त्रज्ञ सांगतात ते अतिशयोक्त नाही. आणि या कानांपैकी एक कान हिंगोली जिल्ह्याच्या मातीत उभा राहायचा आहे. औंढा नागनाथ तालुक्यात दुधाळ्याच्या शिवारात, सुमारे १७४ एकर जागेवर, 'लायगो-इंडिया' ही वेधशाळा व्हायची आहे. पुण्या-मुंबईच्या वृत्तपत्रांनी या वार्तेला एक दिवसाची जागा दिली आणि ती पुढच्या विषयाकडे वळली. एखादा वाहन-कारखाना येणार असता तर महिनाभर चर्चा चालली असती!

वेधशाळा म्हटले की घुमट आणि दुर्बीण डोळ्यांसमोर येते. येथे त्यातले काहीच नसेल. काटकोनात पसरलेले चार-चार किलोमीटर लांबीचे दोन बाहू, त्यांच्या आत सव्वा मीटरच्या आसपास व्यासाची पोलादी नळी, आणि त्या नळीतून हवा जवळजवळ पूर्णपणे काढून घेतलेली. एकच लेझरचा किरण दुभंगून दोन्ही बाहूंत सोडायचा, टोकाच्या आरशांवरून परत आणायचा आणि दोन्ही किरण पुन्हा एकत्र करायचे. बाहूंची लांबी ठरल्याप्रमाणे असेल तर दोन्ही किरण परस्परांना मारून टाकतात, अंधार होतो. गुरुत्वीय लहर आली की एक बाहू किंचित ताणला जातो, दुसरा किंचित आक्रसतो आणि अंधारात उजेडाची तिरीप येते. 'किंचित' हा शब्द येथे अपुरा आहे. प्रोटॉनच्या व्यासाचा दहा हजारावा भाग, एवढा फरक ओळखण्याची ताकद या यंत्रात असावी लागते. त्यासाठी चाळीस किलो वजनाचे आरसे काचेच्या तंतूंनी, एकाखाली एक अशा लोलकांच्या साखळीला टांगलेले असतात, म्हणजे जमिनीची थरथर त्यांच्यापर्यंत पोहोचू नये.

तरीही ती पोहोचते. लिव्हिंग्स्टनच्या यंत्राला आसपासच्या जंगलातली वृक्षतोड आणि जाणाऱ्या आगगाड्या ऐकू येत असत. हॅन्फर्डला एकदा गूढ खडखडाट नोंदला जाऊ लागला, तेव्हा शोधाअंती कळले की डोमकावळे नळ्यांवर साचलेल्या बर्फाला चोची मारत होते. देशभरातील अनेक जागा पाहून शास्त्रज्ञांनी औंढ्याची निवड केली ती अशा गोंगाटापासून दूर असलेली जागा म्हणून. ज्या शांततेला आजवर 'मागासलेपण' म्हटले गेले, तीच या जिल्ह्याची संपत्ती ठरली.

जगाला औंढा का हवा?

हा प्रश्न विचारला पाहिजे, कारण अमेरिकेने आपल्यावर उपकार केल्याच्या थाटात काहीजण या प्रकल्पाविषयी बोलतात. वस्तुस्थिती तशी नाही. दोन कानांनी आवाज ऐकू येतो, परंतु तो नेमका कोठून आला हे दोन वेधशाळांना सांगता येत नाही. २०१५ ची ती पहिली लहर आकाशाच्या सुमारे ६०० चौरस अंशांच्या पट्ट्यातून कोठून तरी आली, एवढेच कळले. पौर्णिमेचे सुमारे तीन हजार चंद्र शेजारी शेजारी मांडले तर जेवढी जागा होईल तेवढी ती होते. एवढ्या आभाळात दुर्बीण फिरवायची कोठे?

१७ ऑगस्ट २०१७ रोजी याचे उत्तर मिळाले. इटलीत पिसा शहराजवळ तीन किलोमीटर बाहूंची 'व्हर्गो' वेधशाळा तोवर सुरू झाली होती. त्या दिवशी आलेली लहर दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची होती. तीन ठिकाणच्या नोंदींमुळे तो पट्टा २८ चौरस अंशांपर्यंत खाली आला आणि काही तासांतच १३ कोटी प्रकाशवर्षांवरील एका दीर्घिकेत ती टक्कर दुर्बिणींना प्रत्यक्ष दिसली. जगातील सुमारे सत्तर वेधशाळा तिच्याकडे वळल्या. पुढे नारायणगावजवळच्या खोडद येथील आपल्या जीएमआरटी रेडिओ दुर्बिणीनेही तिचा मागोवा घेतला. सोने, प्लॅटिनम यांसारखी जड मूलद्रव्ये अशा टकरींत घडतात, याचा सबळ पुरावा त्या प्रकाशाच्या पृथक्करणातून हाती आला. माहेरहून आलेल्या मंगळसूत्राच्या वाट्यांत केवढा इतिहास दडला आहे, हे मराठी घरांतून मुलांना सांगण्याजोगे आहे.

जपानची 'काग्रा' वेधशाळा त्यानंतर या मालिकेत आली. परंतु पृथ्वीच्या या बाजूला, इतरांपासून दूर आणि तितक्याच संवेदनशील अशा वेधशाळेची जागा रिकामीच आहे. अमेरिकनांनी ते तिसरे यंत्र आधी ऑस्ट्रेलियाला देऊ केले होते. तेथील शासनाला २०११ मध्ये आर्थिक जबाबदारी स्वीकारणे जमले नाही. मग भारताचे नाव पुढे आले. यंत्राचे सुमारे आठ कोटी डॉलर किमतीचे भाग अमेरिका देणार. इमारती, निर्वात नळ्या, जोडणी आणि पुढचे संचालन भारताचे. गांधीनगरची प्लाझ्मा संशोधन संस्था, इंदूरचे राजा रामण्णा केंद्र, पुण्याची आयुका आणि अणुऊर्जा खात्याचा बांधकाम विभाग अशी कामाची वाटणी झाली आहे. ज्या अमेरिकेने १९९२-९३ मध्ये रशियाकडून येणारे क्रायोजेनिक तंत्रज्ञान अडवून धरले आणि आपल्याला ते इंजिन स्वतः घडवून जानेवारी २०१४ मध्ये यशस्वी करून दाखवावे लागले, तीच अमेरिका आज आपल्या अतिसूक्ष्म यंत्राचे भाग हिंगोलीला पाठवावयास तयार होते. हा बदल सद्भावनेने झालेला नाही. आपल्याशिवाय त्यांचे आकाश अपुरे राहते, म्हणून तो झाला आहे.

अभिमान कशाचा धरावा?

औंढा नागनाथ हे नाव उच्चारताच दोन कथा आठवतात. नामदेवांनी मंदिरामागे उभे राहून कीर्तन केले आणि देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही एक. पिंडीवर पाय ठेवून पहुडलेल्या विसोबा खेचरांनी नामदेवांना 'देव नाही अशी जागा दाखव' म्हणून आव्हान दिले, ही दुसरी. नामदेवांचे नरसी याच जिल्ह्यात आहे. या कथा भक्तीच्या आहेत आणि भक्तीच्या क्षेत्रात त्यांना तोड नाही. परंतु वेधशाळेची घोषणा झाल्यावर 'आपल्या पूर्वजांना हे ठाऊकच होते' असा सूर जो उमटतो, तो या कथांचाही अपमान करतो आणि विज्ञानाचाही. विसोबांनी नामदेवांना जे शिकविले ते अहंकार सोडण्याचे होते. त्याचे भांडवल करून पदार्थविज्ञानावर मालकी सांगणे त्या उपदेशाच्या नेमके उलटे आहे.

तसे करण्याची गरजही नाही. अभिमानास पात्र अशी नावे ताजी आहेत, त्यांचे शोधनिबंध उपलब्ध आहेत आणि जगाने ते मान्य केलेले आहेत. दुर्दैव एवढेच की ती नावे आपल्याच घरांतून कोणाला सांगता येत नाहीत.

बंगळुरूचे सी. व्ही. विश्वेश्वरा अमेरिकेत मेरिलँड विद्यापीठात संशोधन करीत होते. 'कृष्णविवर' ही संज्ञा तेव्हा नुकतीच रूढ होत होती आणि अशी वस्तू खरोखर असते की ती गणिताची करामत आहे, याविषयी मोठमोठ्या विद्वानांत मतभेद होते. विश्वेश्वरांनी प्रश्न केला: या वस्तूला धक्का दिला तर काय होईल? १९७० साली त्यांनी गणिताने उत्तर दिले. घंटेवर टोला पडावा आणि नाद हळूहळू विरत जावा, तसे कृष्णविवर विशिष्ट स्वरात कंप पावून शांत होईल आणि तो स्वर त्याच्या वस्तुमानावर ठरेल. तेव्हा तो स्वर ऐकू शकेल असे यंत्र जगात नव्हते. विश्वेश्वरा भारतात परतले, बंगळुरूच्या तारांगणाचे संस्थापक संचालक झाले, मुलांना आकाश दाखवू लागले. २०१५ च्या त्या लहरीच्या शेवटी तोच विरत जाणारा नाद होता. ते ऐकावयास विश्वेश्वरा हयात होते. जानेवारी २०१७ मध्ये त्यांचे निधन झाले.

त्यांच्या गणिताची खरी कसोटी त्यानंतर आठ वर्षांनी लागली. १४ जानेवारी २०२५ रोजी आजवरची सर्वांत सुस्पष्ट लहर नोंदली गेली. तिच्यातून एकरूप झालेल्या कृष्णविवराचे एकाहून अधिक स्वर वेगळे करता आले. सप्टेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन्ही विवरांचे पृष्ठफळ आधी मिळून सुमारे दोन लाख चाळीस हजार चौरस किलोमीटर होते, टकरीनंतर ते सुमारे चार लाख झाले. म्हणजे आधी महाराष्ट्राहून लहान आणि नंतर महाराष्ट्राहून बरेच मोठे. कृष्णविवराचे पृष्ठफळ कधीही घटत नाही, हा स्टीफन हॉकिंग यांचा १९७१ चा सिद्धांत त्यामुळे पक्का झाला. हॉकिंगचे नाव या वार्तेबरोबर जगभर गेले. विश्वेश्वरांचे किती ठिकाणी छापून आले?

दुसरे नाव पुण्याचे. गोंगाटात बुडालेली लहर ओळखायची कशी, ही या विद्येतली सर्वांत अवघड बाब. जत्रेच्या गर्दीत हरवलेल्या मुलाची हाक आईला ओळखू येते, कारण तो आवाज तिच्या मनात आधीच कोरलेला असतो. तसेच अपेक्षित लहरींचे हजारो नमुने आधी तयार ठेवायचे आणि नोंदीशी ताडून पाहायचे, या पद्धतीचा पाया घालणाऱ्यांत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांचा १९९१ चा निबंध अग्रभागी आहे. ते नमुने कसे असावेत याचे किचकट गणित करणाऱ्यांत बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेतील बाला अय्यर होते. वेधशाळा दुसऱ्याच्या देशात, पण तिच्या कानाला ऐकावयास शिकविणारी बुद्धी पुण्या-बंगळुरूची, असे पंचवीस वर्षे चालले.

सात वर्षे

अमेरिकेच्या विज्ञान प्रतिष्ठानाने ही योजना १९९० मध्ये मंजूर केली. २००२ मध्ये यंत्रे सुरू झाली. २०१० पर्यंत त्यांनी कान टवकारून ऐकले आणि एकही लहर सापडली नाही. आठ वर्षांच्या शून्यानंतर कोणत्याही लोकशाहीत असा खर्च बंद करा म्हणून ओरड होते. त्यांनी यंत्रे उघडून अधिक संवेदनशील केली आणि २०१५ मध्ये चाचणीच्या टप्प्यातच पहिली लहर आली. हिंगोली-वसमतची हळद देशभर जाते, वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. परंतु 'पी हळद अन् हो गोरी' हा न्याय मूलभूत संशोधनाला लावून चालत नाही.

आपल्याकडे शोधाच्या घोषणेनंतर अवघ्या सहा दिवसांत, १७ फेब्रुवारी २०१६ रोजी, केंद्रीय मंत्रिमंडळाने तत्त्वतः मान्यता दिली. उत्साह योग्य होता. त्यानंतर २,६०० कोटी रुपयांच्या अंतिम मंजुरीस एप्रिल २०२३ उजाडला. ११ मे २०२३ रोजी, पोखरणच्या स्मृतिदिनी, पंतप्रधानांनी कोनशिला बसविली. भूसंपादन, जागेची परीक्षा, नमुना यंत्रांची उभारणी ही कामे मधल्या काळात झाली, हे खरे. तथापि सात वर्षे हा लहान काळ नव्हे. शासन आपल्या विचारांचे आहे म्हणून या दिरंगाईवर बोलू नये, असे कोणास वाटत असेल तर तो राष्ट्रहिताचा विचार नव्हे. मंजुरीच्या वेळी २०३० हे उद्दिष्ट सांगितले गेले. ते आणखी पुढे सरकले, तर तोवर झालेले शोध इतरांच्या नावावर जमा झालेले असतील. मे २०२३ ते नोव्हेंबर २०२५ या एकाच निरीक्षण-पर्वात सुमारे तीनशे लहरी नोंदल्या गेल्या आहेत.

दुसरीही एक बाजू आहे. २०२५ मध्ये अमेरिकी शासनाच्या अर्थसंकल्पी प्रस्तावात तेथील दोनपैकी एक वेधशाळा बंद करण्याचे सुचविले गेले. ज्यांच्या धैर्याचे कौतुक करावे, त्यांच्याच घरात असे विचार उठू लागले, तर औंढ्याच्या यंत्राची जबाबदारी वाढते. साखळीतील एक अधिकची कडी, एवढेच त्याचे स्थान मग राहणार नाही.

वेशीबाहेरचे की गावातले?

हिंगोली १ मे १९९९ रोजी परभणीपासून वेगळा होऊन जिल्हा झाला. पाच तालुके, कापूस-सोयाबीन-हळद, आणि शिकलेला मुलगा पुण्याला किंवा हैदराबादला जाणार हे गृहीत. आता या जिल्ह्यात जगभरचे शास्त्रज्ञ येणार म्हटल्यावर रस्ते रुंद व्हावेत, हॉटेले निघावीत, जमिनीचे भाव चढावेत अशी अपेक्षा वाढणे स्वाभाविक आहे. परंतु या पाहुण्याची अट विचित्र आहे. त्याला शांतता हवी. खडी-क्रशर, दगडखाणी, जड वाहतूक यांचा वेधशाळेभोवती गराडा पडला तर कोट्यवधींचे यंत्र त्यांचाच आवाज ऐकत बसेल. जिल्ह्याचा विकास आराखडा करताना हे आजच ठरवावे लागेल, नंतर न्यायालयात नव्हे. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये या जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे भूकंपाचे धक्के बसले आणि किल्लारीची आठवण ताजी असलेल्या लोकांनी वेधशाळेचे काय, असे विचारले. प्रश्न रास्त आहे. अशा धक्क्याने यंत्राचे निरीक्षण काही काळ थांबते, दूरदेशीच्या मोठ्या भूकंपानेही थांबते. बांधकाम मात्र हे धक्के लक्षात घेऊनच व्हावयास हवे आणि त्याविषयी गावकऱ्यांशी मराठीत, मोकळेपणाने बोलले गेले पाहिजे.

यास एक उदाहरण समोर आहे. गोविंद स्वरूप यांनी खोडदला तीस महाकाय अँटेना उभारल्या तेव्हा त्याही जुन्नर तालुक्याच्या द्राक्षबागांत परक्याच वाटल्या असतील. आज राष्ट्रीय विज्ञान दिनाला तेथे प्रदर्शन भरते आणि आसपासच्या गावांतील शाळांची मुले आपापली उपकरणे घेऊन येतात. याच दुर्बिणीच्या नोंदी जून २०२३ मध्ये जाहीर झालेल्या एका मोठ्या निष्कर्षात होत्या: स्पंदक ताऱ्यांच्या ठोक्यांवरून, विश्वभर पसरलेल्या अतिमंद गुरुत्वीय लहरींची चाहूल लागली. म्हणजे या क्षेत्रात महाराष्ट्राच्या ग्रामीण भूमीने आपला वाटा आधीच उचललेला आहे.

औंढ्याला खोडदप्रमाणे घडेल की वेधशाळेच्या कुंपणाबाहेर गाव आणि आत दुसरेच जग अशी स्थिती होईल, हे शास्त्रज्ञांवर फारसे अवलंबून नाही. जमिनी दिलेल्या घरांतील मुलाला फाटकावरची सुरक्षारक्षकाची नोकरी मिळाली की आपले काम झाले, असे मानणारे पुढारी सर्व पक्षांत आहेत. निर्वात तंत्रज्ञान, लेझर, सूक्ष्म वेल्डिंग, संगणकीय विश्लेषण यांचे शिक्षण हिंगोलीच्या तंत्रनिकेतनात आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठाच्या महाविद्यालयांत आतापासून सुरू झाले, तर यंत्र उभे राहील तेव्हा ते चालविणारे हात तेथलेच असतील. आणि त्याआधी ही विद्या मराठीत यावयास हवी. 'यक्षांची देणगी' लिहिणारे नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. कृष्णविवर, दीर्घिका हे शब्द मराठी घरांत रुळविण्यात त्यांच्या पिढीचा वाटा केवढा मोठा होता! मराठीला अभिजात भाषेचा दर्जा ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मिळाला. गुरुत्वीय लहरींवर शाळकरी मुलांसाठी लिहिलेले एखादे चांगले मराठी पुस्तक हिंगोलीच्या प्रत्येक शाळेत जावे, ही त्या दर्जाकडून फार मोठी अपेक्षा नाही. गावोगावच्या ज्या कार्यकर्त्यांचे शाळांशी नाते आहे, त्यांना यासाठी शासनाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.

२०२६ मध्ये औंढ्याच्या शाळेत आठवीत बसलेली मुलगी २०३० मध्ये बारावीला असेल. तिला विज्ञान शाखा घ्यायची की नाही, हे त्याआधी दोन वर्षे, दहावीच्या निकालानंतरच्या एका आठवड्यात, तिच्या घरात ठरेल.